भरलेलं धरण नकाशावरून गायब, पिवळ्या-निळ्याचा राखाडी: जावास्क्रिप्टमध्ये रंग का बिघडतात

मराठवाड्यातल्या धरणांचा साठा नकाशावर रंगाने दाखवायचा, हा आमच्याकडे वेब शिकणाऱ्या मुलामुलींचा ठरलेला प्रकल्प. जायकवाडी, येलदरी, सिद्धेश्वर, माजलगाव, मांजरा, निम्न तेरणा, विष्णुपुरी अशा प्रत्येक धरणाला एक गोल. साठा संपत आला की लाल, धरण भरलं की हिरवा, मधल्या टक्केवारीला मधला रंग. दुसरा प्रकल्प पैठणकडचा. साडी दाखवणाऱ्या साइटवर गिऱ्हाइकाने उभ्या आणि आडव्या धाग्याचा रंग निवडायचा आणि विणल्यावर धूप-छांव, म्हणजे कापड हललं की बदलणारी दुरंगी झाक, कशी दिसेल ते पडद्यावर पाहायचं. दोन्हीकडे काम एकच: रंग तयार करायचे, एका रूपातून दुसऱ्यात न्यायचे आणि मिसळायचे. आणि दोन्हीकडून त्याच त्या तक्रारी पुन्हा पुन्हा येतात.

या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा दोनांपैकी एका जागी सापडतं. एक तर रंग आकड्यांत ठेवायचा सोडून मजकुरात ठेवलेला असतो आणि आकड्याचा मजकूर करताना काहीतरी गळतं. नाहीतर ‘मिसळ’ म्हणताना नक्की काय मिसळायचं तेच ठरलेलं नसतं: पडद्यावरचा उजेड, शेजारी विणलेले धागे, की एकाच भांड्यात उकळलेले रंग. पहिला दोष सापडला की लगेच सुटतो. दुसरा समजून घ्यावा लागतो, म्हणून त्यावर जास्त लिहिलं आहे.

काही धरणं गायब, काहींना शेजारच्या धरणाचा रंग

पडद्यावरचा रंग लाल, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांत लिहितात, प्रत्येक आकडा (चॅनेल) ० ते २५५. लाल म्हणजे (२५५, ०, ०) आणि हिरवा म्हणजे (०, १२८, ०) घेतला. टक्केवारीप्रमाणे मधला रंग काढला, तिन्ही आकडे पूर्णांकात आणले, प्रत्येकावर टूस्ट्रिंग(१६), म्हणजे आकडा हेक्समध्ये (सोळाच्या पायावर) लिहिणारं फंक्शन, चालवलं आणि पुढे # लावून जोडलं. कोड बरोबर दिसतो. नकाशावर मात्र जवळजवळ कोरडी आणि जवळजवळ भरलेली धरणं दिसतच नाहीत, आणि उरलेल्यांना भलताच रंग येतो.

टूस्ट्रिंग(१६) हे शून्याचं ‘०’ करतं, ‘००’ नाही. आपल्या पट्टीत निळा चॅनेल कायम शून्य आहे, म्हणजे एक अंक कायमच कमी. २० टक्के साठ्याचा रंग (२०४, २६, ०). त्याचे तुकडे ‘सीसी’, ‘१ए’ आणि ‘०’, म्हणजे एकूण पाच अंक. पाच अंकी हेक्स रंग नसतोच. कॅनव्हास म्हणजे ब्राउझरमधली चित्र काढायची जागा, तिच्या फिलस्टाइलला (भरायच्या रंगाला) चुकीचा रंग दिला तर तो कुठलीही तक्रार न करता सोडून देतो आणि आधीचाच रंग वापरत राहतो. म्हणून मांजराला आधी काढलेल्या माजलगावचा रंग येतो, आणि पहिलंच धरण असेल तर काळा. कन्सोलमध्ये एकही लाल ओळ येत नाही, त्यामुळे दोष टक्केवारीच्या हिशेबात शोधण्यात वेळ जातो.

गायब होणाऱ्यांचं कारण आणखी खोल आहे. साठा १२ टक्क्यांच्या आसपास किंवा खाली असला की हिरवा चॅनेलही एकअंकी होतो. ५ टक्क्यांचा रंग (२४२, ६, ०) ‘एफ२६०’ असा चार अंकी बनतो. चार अंकी हेक्स आजच्या ब्राउझरमध्ये वैध आहे: लाल, हिरवा, निळा आणि अल्फा यांचा एकेक अंक. शेवटचा अंक शून्य, म्हणजे अल्फा शून्य, म्हणजे पूर्ण पारदर्शक. ९४ टक्क्यांच्या वर हेच लाल चॅनेलच्या बाबतीत घडतं. १०० टक्के भरलेलं धरण ‘०८००’ होतं आणि नकाशावरून पुसलं जातं.

हा दोष चाचणीत का निसटतो तेही सांगतो. काळा (०, ०, ०) तीन अंकी ‘०००’ होतो आणि काळाच येतो. पांढऱ्यात सगळे अंक पूर्ण असतात. शुद्ध निळ्याचा ‘००एफएफ’ होतो, त्यात अल्फाच्या जागी एफ पडतो आणि निळा अगदी बरोबर दिसतो. शुद्ध लालाचा ‘एफएफ००’ होतो, म्हणजे पारदर्शक पिवळा! काळा, पांढरा आणि निळा तपासून समाधान मानलं तर हा दोष तसाच पुढे जातो.

उपाय: प्रत्येक चॅनेलच्या मजकुरावर पॅडस्टार्ट(२, ‘०’) लावा, ते कमी पडलेला अंक पुढे शून्य लावून भरतं. ते २०१७ च्या जावास्क्रिप्ट मानकापासून आहे. त्याहून सोपं म्हणजे हेक्सच्या वाटेलाच जाऊ नका. ‘आरजीबी’ कंसात तीन आकडे लिहिलेला मजकूर ब्राउझर आनंदाने घेतो आणि त्यात अंक गळण्याचा प्रश्नच येत नाही.

उणे साठा आणि १०० च्या वरचा साठा

हा आमच्या भागाचा खास प्रश्न. उपयुक्त साठा संपला की मृतसाठ्यातून पाणी उपसावं लागतं आणि टक्केवारी उणे लिहिली जाते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. असा नकाशा ज्या दिवसांत सगळ्यात जास्त लागतो, त्याच दिवसांत तो बिघडतो. उणे ६ टक्के पट्टीत घातले की लाल २७० होतो आणि हिरवा उणे ८. पहिल्याचा हेक्स तीन अंकी ‘१०ई’, दुसऱ्याच्या पुढे उणे चिन्ह. उलट टोकाला धरण १०४ टक्के दाखवत असेल तर लाल उणेमध्ये जातो. आकडा पूर्णांकात आणला नसेल तर तिसराच प्रकार: १२७.५ चं हेक्स ‘७एफ.८’ असं दशांश चिन्हासकट येतं. आणि साठ्याची नोंदच आली नसेल तर नॅन (‘हा आकडा नाही’ अशी खूण), मग सगळाच मजकूर निकामी.

म्हणून क्रम पक्का ठेवा. आधी टक्केवारी ० ते १०० मध्ये अडकवा, मग मिसळा, मग पूर्णांक करा, मग परत ० ते २५५ मध्ये अडकवा, आणि अगदी शेवटी मजकूर करा. चॅनेल ठेवायला यूइंट८क्लॅम्प्डअ‍ॅरे (फक्त ० ते २५५ चे पूर्णांक ठेवणारी यादी) वापरला तर पूर्णांक करणं आणि अडकवणं दोन्ही तोच करतो. कॅनव्हासमधून पिक्सेल वाचले की याच प्रकारचा अ‍ॅरे मिळतो.

उणे साठ्याला मात्र नुसतं लालावर अडकवून सोडू नका असं माझं ठाम मत आहे. २ टक्के आणि उणे ६ टक्के ही धरणाखालच्या गावांसाठी वेगळी परिस्थिती आहे. त्याला पट्टीबाहेरचा स्वतंत्र रंग द्या, गोलावर आडव्या रेघा ओढा. नोंद नसलेल्या धरणाला राखाडी द्या. शून्य साठा आणि माहिती नाही हे दोन्ही एकाच रंगात दाखवणं म्हणजे बघणाऱ्याला चुकीची बातमी देणं.

मजकूर बरोबर बनतोय का हे पाहायला दोन साधने हाताशी ठेवा. सीएसएस ही वेबपानाचं रूप ठरवणारी भाषा, तिच्या सीएसएस.सपोर्ट्स या फंक्शनला ‘कलर’ आणि तुमचा मजकूर द्या, ते खरं किंवा खोटं सांगतं. कॅनव्हासवर असाल तर फिलस्टाइलला मुद्दाम एक ओळखीचा रंग द्या, मग तुमचा द्या आणि परत वाचा. ओळखीचाच परत आला तर तुमचा नाकारला गेला.

८० लिहिलं होतं, १२८ यायला हवं होतं

हेक्स वाचताना पार्सइंटला (मजकुरातून आकडा काढणाऱ्या फंक्शनला) दुसरा आकडा, म्हणजे १६, द्यायचा राहिला की ‘८०’ चे ८० च होतात आणि ‘एफएफ’ चं नॅन. नॅन लगेच कळतं, पण ८० कळत नाही, रंग फक्त थोडा गडद वाटतो. # काढल्याशिवाय वाचू नका. तीन अंकी हेक्समधला प्रत्येक अंक दोनदा लिहायचा असतो, त्याच्यापुढे शून्य लावायचं नसतं.

चारही चॅनेल एकाच आकड्यात बसवण्यासाठी पहिला चॅनेल २४ बिट डावीकडे सरकवला तर उत्तर उणे येऊ शकतं, कारण जावास्क्रिप्टमधली बिटांची गणितं चिन्हासकट ३२ बिटांवर चालतात. शेवटी तीन बाणांचं उजवं सरकवणं शून्याने करा, >>> ०, की आकडा पुन्हा धन होतो.

मधला रंग मातकट येतो

आता मिसळण्याकडे. लाल आणि हिरव्याची चॅनेलवार सरासरी (१२८, ६४, ०), म्हणजे काळपट तपकिरी. दोन्ही टोकांपेक्षा मधलं मरगळलेलं दिसतं. यात गणित चुकलेलं नाही, पण ज्या आकड्यांवर ते केलं ते उजेडाचे आकडे नाहीत. ० ते २५५ हे एसआरजीबी या पडद्यांसाठीच्या रंगव्यवस्थेचे आकडे आहेत. ही व्यवस्था १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने मांडली आणि १९९९ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. डोळ्याला गडद छटांमधले फरक जास्त जाणवतात, म्हणून हे आकडे वाकवलेले असतात. १२८ म्हणजे २५५ च्या निम्मा उजेड नव्हे, जेमतेम २१.६ टक्के. निम्म्या उजेडाचा आकडा १८८ आहे.

उजेड मिसळायचा असेल तर आधी वाक काढायचा. चॅनेलला २५५ ने भागून आलेली किंमत व धरली, तर:

व ०.०४०४५ किंवा कमी असेल तर उजेड = व / १२.९२
नाहीतर उजेड = ((व + ०.०५५) / १.०५५) चा २.४ वा घात

सरासरी या उजेडाची करायची आणि परत जाताना उलट:

उजेड ०.००३१३०८ किंवा कमी असेल तर व = १२.९२ × उजेड
नाहीतर व = १.०५५ × (उजेडाचा १/२.४ वा घात) − ०.०५५

असं केलं की लाल-हिरव्याचा मध्य (१८८, ९२, ०) येतो. काळपटपणा जातो आणि विटकरी नारिंगी उरतो. चित्र लहान करणं, अंधुक करणं, दोन फोटो एकमेकांवर विरवणं, सगळीकडे हीच पद्धत योग्य.

नकाशाच्या पट्टीसाठी मात्र प्रश्न वेगळा असतो. तिथे उजेड किती मिसळला याला महत्त्व नाही, पायऱ्या डोळ्याला सारख्या वाटल्या पाहिजेत. त्यासाठी ओकेलॅब ही रंगव्यवस्था वापरा. १९७६ च्या सीआयई लॅब या जुन्या रंगव्यवस्थेच्या धर्तीवर ब्यॉर्न ऑटोसन यांनी ती २०२० च्या डिसेंबरमध्ये मांडली आणि आता ती सीएसएसमध्येही आहे. वाक काढलेल्या तीन आकड्यांना एका ३ × ३ मॅट्रिक्सने गुणायचं, घनमूळ काढायचं, दुसऱ्या मॅट्रिक्सने गुणायचं. मिळालेल्या तीन आकड्यांतला पहिला उजळपणा, बाकीचे दोन छटा सांगतात. पांढरा ते निळा अशी पट्टी जुन्या लॅबमध्ये जांभळ्याकडे झुकते, ओकेलॅबमध्ये निळीच राहते.

तरीही लाल-हिरव्याचा मध्य ओकेलॅबमध्येसुद्धा मोहरीसारखा तपकिरीच येतो. हे रंग छटेने एकमेकांपासून बरेच लांब आहेत, त्यामुळे त्यांच्यामधली सरळ वाट टोकांपेक्षा फिक्या, कमी चटक रंगांतून जाते. मधे पिवळा थांबा घातला तर पट्टी उजळते. पण लाल-हिरवा भेद न दिसणारी माणसं, त्यांत पुरुष जास्त, त्यांना दोन्ही टोकं सारखीच वाटू शकतात. पाण्याच्या नकाशाला गडद तपकिरी, मधे फिकट पिवळसर आणि शेवटी गर्द निळा ही पट्टी घ्या. कोरडी माती आणि पाणी हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

पिवळा आणि निळा मिसळून हिरवा का येत नाही

पैठणच्या साडीवाल्या प्रकल्पातली ही सगळ्यात मोठी तक्रार आणि ती अगदी रास्त आहे. रंगारी पिवळ्यात निळा घालून हिरवा करतो हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. कोडमध्ये शुद्ध पिवळा (२५५, २५५, ०) आणि शुद्ध निळा (०, ०, २५५) यांची सरासरी (१२८, १२८, १२८), चक्क राखाडी. वाक काढून केली तर (१८८, १८८, १८८), उजळ राखाडी. ओकेलॅबमध्येही निळसर राखाडी. मग मुलं पद्धती बदलत राहतात आणि हिरवा काही येत नाही.

भांड्यातला रंग उजेड शोषून घेतो. पिवळा रंग निळा उजेड खातो, निळा रंग लाल उजेड खातो, दोघांनीही सोडलेला हिरवा तेवढा बाहेर येतो. म्हणजे इथे बेरीज नसून गुणाकार आहे. १९३१ मध्ये पॉल कुबेल्का आणि फ्रांत्स मुंक यांनी याचं गणित मांडलं. एखाद्या तरंगलांबीला परावर्तन प असेल तर शोषण आणि विखुरणं यांचं गुणोत्तर (१ − प)² / २प. रंग मिसळताना या गुणोत्तरांची प्रमाणानुसार बेरीज होते. कापड रंगवण्याच्या कामात शेड जुळवण्यासाठी हेच वापरतात. पण त्याला प्रत्येक रंगाचा पूर्ण परावर्तन आलेख लागतो, तीन आकडे पुरत नाहीत.

तीन आकड्यांत जवळपास जायचं तर वाक काढलेल्या उजेडाचा भौमितिक मध्य घ्या: दोन किमतींचा गुणाकार, मग वर्गमूळ. शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा घेतले तर उत्तर काळं येईल, कारण प्रत्येक चॅनेलमध्ये दोघांपैकी एकाची तरी किंमत शून्य आहे. खऱ्या रेशमाचा रंग इतका शुद्ध नसतो. हळदीच्या जवळचा पिवळा (२४०, २००, ३०) आणि मध्यम निळा (३०, ९०, १७०) घेऊन पाहा. साधी सरासरी (१३५, १४५, १००), मळकट. भौमितिक मध्य (९२, १३५, ७६), म्हणजे पानासारखा खरा हिरवा.

पण थांबा. साडीत हे हवं आहे का? धूप-छांव विणताना रंग भांड्यात एकत्र होतच नाहीत. उभा धागा पिवळा रंगवलेला, आडवा निळा रंगवलेला, आणि ते शेजारी-शेजारी बसतात. लांबून डोळा त्यांचा उजेड एकत्र करतो. इथे वाक काढलेली सरासरीच बरोबर: (१७७, १५८, १२६), वाळूच्या रंगाच्या जवळ. आणि खऱ्या कापडात तोही एक रंग नसतो. पदर हलला, उजेडाचा कोन बदलला की कधी उभा धागा पुढे येतो, कधी आडवा. म्हणून पडद्यावर एकच मिश्र रंग भरून धूप-छांव कधीच दिसणार नाही. दोन धाग्यांचं प्रमाण बदलत न्या, एका बाजूला उभा ७० टक्के, दुसऱ्या बाजूला आडवा ७० टक्के, मधे उतरती छटा. प्रत्येक टप्प्यावर सरासरी उजेडाची. हे केलं की साडी पडद्यावर जिवंत दिसते. या कामात सगळ्यात जास्त समाधान मला इथे मिळतं.

मधेच गुलाबी कुठून आला

रंगछटा, सॅच्युरेशन आणि लाइटनेस या रूपात, म्हणजे एचएसएलमध्ये, मिसळलं की दोन जागी फसगत होते. छटा ही वर्तुळावरची जागा असते. ३५० अंश आणि १० अंश दोन्ही लालच, पण साधी सरासरी १८०, म्हणजे आकाशी. जवळच्या बाजूने जायचं सूत्र:

फरक = ((ब − अ + ५४०) % ३६०) − १८०

अ मध्ये फरकाचा हवा तो भाग मिळवा आणि उत्तर पुन्हा ० ते ३६० मध्ये आणा. इथे लक्ष ठेवा, जावास्क्रिप्टमध्ये उणे ३० चा ३६० ने उरलेला भाग उणे ३० च येतो, म्हणून ३६० मिळवून पुन्हा भाग घ्यावा लागतो. छटा अगदी समोरासमोर असतील तर दोन्ही बाजू सारख्याच लांब असतात. या सूत्राने पिवळ्याकडून निळ्याकडे गेलात तर मध्य गुलाबी, निळ्याकडून पिवळ्याकडे आलात तर हिरवट. दिशा तुम्हीच ठरवून द्या.

दुसरी फसगत पांढऱ्या, काळ्या आणि राखाडीची. त्यांना छटाच नसते. सूत्रात शून्याने भागाकार येतो, म्हणून बहुतेक कोड छटा शून्य लिहून मोकळा होतो. शून्य म्हणजे लाल. पांढरा आणि निळा मिसळले की मध्य ३०० अंशांवर, गुलाबी-जांभळा. सॅच्युरेशन शून्य असलेल्या रंगाला समोरच्या रंगाची छटा द्या, गुलाबी जाईल.

गोलावरची टक्केवारी वाचता येत नाही

गोलाच्या रंगाचा सापेक्ष उजळपणा काढा: वाक काढलेला लाल × ०.२१२६, हिरवा × ०.७१५२, निळा × ०.०७२२, तिघांची बेरीज. ती ०.१७९ च्या वर असेल तर काळी अक्षरं, खाली असेल तर पांढरी. शुद्ध लालावर पांढरी अक्षरं घालायची सवय असते, पण तिथे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला भेद फक्त ४ ला १ मिळतो, काळ्याने ५.२५ ला १. साध्या आकाराच्या अक्षरांना किमान ४.५ ला १ लागतो. उन्हात शेताच्या बांधावर मोबाइल धरून वाचणाऱ्याला हा फरक चांगलाच जाणवतो.

पारदर्शकतेकडे जाताना काळपट पट्टा

कॅनव्हासवर पांढऱ्याकडून ‘ट्रान्सपरंट’कडे उतरती छटा काढली की मधे राखाडी येतं. हीच छटा सीएसएसमध्ये स्वच्छ येते. ‘ट्रान्सपरंट’ हा मुळात अल्फा शून्य असलेला काळा आहे. सीएसएस रंगाला आधी अल्फाने गुणून मग मिसळतं, कॅनव्हासचं मानक तसं करत नाही. तिथे शेवटच्या टोकाला अल्फा शून्य असलेला पांढरा द्या. स्वतः मिसळत असाल तर आधी चॅनेल अल्फाने गुणा, मिसळा, आणि शेवटी नव्या अल्फाने भागा. अल्फा शून्य असेल तर भागू नका.

मिसळलेला रंग परत वाचता येत नाही

२०२३ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये सीएसएसचं कलर-मिक्स आहे. कुठल्या रंगव्यवस्थेत मिसळायचं ते त्यालाच सांगता येतं, म्हणून वरचं बरंचसं गणित वाचतं. पण गेटकम्प्युटेडस्टाइलने तो रंग परत वाचला की ‘आरजीबी’ ऐवजी ‘कलर’ किंवा ‘ओकेलॅब’ने सुरू होणारा मजकूर मिळतो. ‘आरजीबी’ शोधणारं जुनं रेगेक्स (मजकुरातला नमुना शोधणारी ओळ) नल, म्हणजे ‘काहीच नाही’, देतं आणि पुढचा सगळा कोड कोसळतो. रेगेक्स वाढवत बसू नका. एक × एक पिक्सेलचा कॅनव्हास घ्या, तो मजकूर फिलस्टाइलला द्या, पिक्सेल भरा आणि गेटइमेजडेटाने चार आकडे वाचा. ब्राउझरला समजणारा कुठलाही रंग असा आकड्यांत मिळतो. अल्फा फार कमी असेल तर चॅनेलमध्ये थोडी घसरण होते, अशा वेळी रंग अपारदर्शक वाचा आणि अल्फा वेगळा ठेवा.